कमी झोप, जास्त साखर

झोप अपुरी पडली, की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. साखर रक्तात रेंगाळते, भूकही चाळवते. ब्रिटनमधल्या ९-१० वर्षांच्या ४,५२५ मुलांच्या अभ्यासात (२०१७) कमी झोपणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर सरासरीने जास्त आढळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले, की भारतीय बाळे हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबी तुलनेने जास्त असते. ही चरबीही इन्सुलिनला अडवते, म्हणून आपल्या सावरगाव-पांढुर्ण्यातल्या सडपातळ पोरांनाही ६ ते १२ या वयात रोज ९ ते १२ तास झोप हवीच. हे झाले टाइप २ मधुमेहाच्या धोक्याचे. टाइप १ मधुमेहाचे मात्र उलट: तो झोपेअभावी होत नाही, तोच झोप मोडतो. मूल रात्री वारंवार लघवीला उठते, सतत पाणी मागते, वाळत जाते? त्याच दिवशी साखर तपासा.