जीप
जीप : खडबडीत, चढणीच्या व चिखलाच्या भूमीवर चालणारी मोटारगाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. शिडीसारखी पोलादी चौकट, भूमीपासून अधिक उंची आणि एंजिनाची शक्ती पुढील चाकांनाही देणारी दंतचक्रपेटी ही तिची वैशिष्ट्ये होत.

बुलढाणा जिल्ह्यात त्यांचे प्रयोजन स्पष्ट होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे भाग पडतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात चिकट बनते व मागील चाके जागीच फिरतात. तेव्हा पुढील चाकांची ओढ गाडी बाहेर काढते.

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुंबईत जीपची जोडणी व पुढे निर्मिती केली. बोलेरो (२०००) व स्कॉर्पिओ (२००२) या बंदिस्त गाड्यांमुळे हीच बांधणी कुटुंबांच्या वापरात रूढ झाली. तथापि पुढील चाकांच्या चालनाने किंमत व वजन वाढत असल्याने अशा पुष्कळ गाड्या केवळ मागील चाकांच्या चालनाच्या असतात. पाच दारांच्या थार रॉक्समध्येही (२०२४) चारही चाकांचे चालन काही प्रकारांतच मिळते. त्यामुळे बाह्यरूप भक्कम असले, तरी चिखलातील क्षमता चालनावरूनच पारखावी लागते.