कुवेतची भरपाई कशी वसूल झाली?

ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत बळकावलं. दीड लाखाहून जास्त भारतीयांना तिथून निघावं लागलं. बहुतेक जण अम्मानमार्गे मुंबईला आले, कित्येक अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यांची भरपाई कोण देणार?

१९२३मध्ये जर्मनीकडून वसुली करायला फ्रान्सने रूर खोऱ्यात फौज घातली होती. संयुक्त राष्ट्रांनी मात्र इराकच्या तेलविक्रीतूनच ३० टक्के कापायचे ठरवले. (मलाझमध्ये पगारावर कर नाही, तरी टीडीएस आठवत असेलच!) कामगारांचे छोटे दावे आधी, कंपन्यांचे नंतर, हा क्रम मला फार पटतो. एकट्याला ४,०००, कुटुंबाला ८,००० डॉलरपर्यंत. पण निर्बंधांमुळे तेलाचा पैसा १९९६च्या अखेरीस सुरू झाला, आणि त्याच पैशातून इराकी घरांतलं धान्य-औषधही यायचं. शेवटचा हप्ता २०२२मध्ये कुवेतच्या तेलकंपनीला गेला.