विश्वास आणि दक्षता

निजामी अमलात, १९०७ साली, केशवराव कोरटकर प्रभृतींनी हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा काढली. जामबागेतील या शाळेच्या स्वाधीन मराठी आईबापांनी आपली मुले केली, ती विश्वासाने. शाळा चालते ती या विश्वासावरच. परंतु विश्वास म्हणजे दक्षता नव्हे. त्याच शहरातील बंजारा हिल्स भागातल्या दुसऱ्या एका शाळेत २०२२ साली चार वर्षांच्या बालिकेवर मोटारचालकाने अत्याचार केला. २०२४ साली बदलापुरात तक्रार नोंदविण्यास विलंब झाला, तेव्हा संतप्त पालक रेल्वे रुळांवर उतरले.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा कळताच पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. गोव्यात तर २००३ पासून स्वतंत्र बाल कायदा आहे. कायदे आहेत, उणीव आहे ती मुलाचे ऐकून घेणाऱ्यांची. प्रत्येक प्राथमिक शाळेने मुलांना निर्भयपणे बोलता येईल अशी एक शिक्षिका नेमावी, १०९८ हा क्रमांक वर्गात लावावा आणि शिपाई, चालक यांची नेमणुकीपूर्वी चौकशी करावी, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते. प्रकरण दडपून शाळेची अब्रू राहत नाही. मूल सुरक्षित राहिले, तरच ती राहते.