लाल ठिपका काय सांगतो?

लाल सिग्नल दिसला की भुसावळकडे धावणारी गाडीसुद्धा थांबते. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅमही असाच मध्येच थांबवता येतो, ठाऊक आहे?

फैजपूर, सावदा, रावेर म्हणजे केळीचा मुलूख. तेव्हा केळीचाच हिशेब घेऊ. तीन घड, वजनं 18, 20 आणि 22 किलो. एकूण किती? 60! पण समजा, तुमचा प्रोग्रॅम 42च सांगतो. शेतकऱ्याचे 18 किलोंचे पैसे बुडाले की हो! चूक शोधायची कशी? प्रोग्रॅम तर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो.

इथं कामाला येतो डीबगर. बेरीज करणाऱ्या ओळीच्या डावीकडे पट्टीवर क्लिक करा. लाल ठिपका उमटेल. हा ब्रेकपॉइंट! ती ओळ चालवण्याआधी प्रोग्रॅम तिथं थांबतो. आता आत डोकावून पाहा. बेरीज 0 आणि घडाचा क्रमांक 1. सापडली की चूक! बऱ्याच संगणकभाषांत यादीची मोजणी 0 पासून होते. आपण 1 पासून सुरुवात केली, म्हणून पहिला घड राहूनच गेला.

पण सगळे ठिपके सारखे नसतात बरं का! व्हिज्युअल स्टुडिओ या प्रसिद्ध साधनातल्या खुणा अशा:

● भरीव लाल गोल : चालू आहे, इथं थांबणार.
○ पोकळ गोल : ठिपका ठेवलाय, पण बंद केलाय.
पोकळ गोल आणि इशाऱ्याची छोटी खूण : ठिपका चालू, पण सध्या इथं थांबता येणार नाही.
गोलात अधिकचं चिन्ह : अट पुरी झाली तरच थांबणार. उदाहरणार्थ, वजन 20 पेक्षा जास्त असेल तर.
◆ चौकट : न थांबता नोंद लिहून पुढं जाणार.

व्हीएस कोडमध्ये मात्र बंद ठिपका भरीव करडा दिसतो, आणि पोकळ करडा म्हणजे डीबगरला ती जागा सापडली नाही. म्हणून आपल्या साधनातल्या खुणा आधी माहीत करून घ्या.

हे कशाला, म्हणाल? प्रोग्रॅम थांबला नाही की आपल्याला वाटतं, तो त्या ओळीवर आलाच नाही. मग भलतीकडेच शोधाशोध सुरू! खरं तर ठिपकाच बंद असतो.

तेव्हा आधी ठिपका नीट पाहायचा, मगच प्रोग्रॅमवर संशय घ्यायचा. काय, करून पाहणार ना?