डोळ्यांखालचं काळं

गळीत हंगामात श्रीपूरच्या साखर कारखान्याचे बॉयलर रात्रभर धगधगतात. पहाटे पाळी संपवून आलेल्या कामगाराच्या डोळ्यांखाली काळं दिसलं, की घरचे म्हणतात, ‘जागरणानं!’

हे अर्धंच खरं. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. खालच्या रक्तवाहिन्यांची निळसर झाक, झोपेअभावी चेहरा फिका पडला की उठून दिसते. आपल्याकडे मात्र बऱ्याचदा कारण असतं त्वचेतलं रंगद्रव्य मेलॅनिन, तेही आईवडिलांकडून आलेलं. धूळ गेली म्हणून डोळे सतत चोळले, तर हे काळं आणखी गडद होतं. आनुवंशिक काळेपणा हा आजार नव्हे. तो लपवलाच पाहिजे, असं मुळीच नाही.

हौसच असेल, तर निळसर झाकेवर नारिंगी छटेचा कन्सीलर बोटानं हलकेच थापावा. फार उजळ लावला, तर तिथली कातडी राखाडी दिसते.