प्लगवरचा आकडा काय सांगतो?

आपल्या गटांमध्ये आता स्कूटी आली, पेट्रोलचा फवारणी पंप आला, कुणाच्या दारात टर्बो इंजिनाची गाडीही उभी राहिली. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, त्याला ठिणगी लागत नाही. पेट्रोल इंजिन मात्र स्पार्क प्लगशिवाय हलत नाही. दुकानात गेलं की सल्ला मिळतो, "ताई, भारीतला इरिडियम टाका, गाडी पळेल." पैसे मोजण्याआधी थोडं ऐका.

प्लगमध्ये 'गरम' आणि 'थंड' असे प्रकार असतात. याचा ठिणगीशी संबंध नाही. प्लगच्या टोकाची उष्णता इंजिनात किती लवकर उतरते, यावरून ही नावं पडली. टोक साधारण 450 ते 500 अंशांच्या वर तापलं, की त्यावरची काजळी आपोआप जळते. पण 800 अंशांच्या पुढे गेलं, तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टन जळू शकतो.

भरलेली टर्बो गाडी खंबाटकी घाट चढते, तेव्हा इंजिनात दाब आणि उष्णता दोन्ही जास्त. तिला थंड प्लग लागतो, फटही कमी लागते, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणं जड जातं. तोच थंड प्लग घर ते डेअरी एवढंच फिरणाऱ्या स्कूटीला बसवला तर? टोक तापतच नाही, काजळी साचते आणि सकाळी किक मारून पाय दुखतो.

आता आकडा. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा, तर प्लग थंड. बॉशचं नेमकं उलटं, आकडा मोठा तर प्लग गरम! म्हणून कंपनी बदलताना आकडा जुळवू नका, दुकानदाराला तक्ता उघडायला लावा. आट्यांची लांबीही तीच हवी. लांब प्लगवर पिस्टन आदळू शकतो.

इरिडियम वाईट नाही. हा धातू सुमारे 2450 अंशांना वितळतो, म्हणून टोक बारीक ठेवता येतं, ठिणगी सहज पडते आणि प्लग पुष्कळ टिकतो. मात्र धडधाकट इंजिनाची ताकद त्यानं वाढत नाही. कंपनीनंच इरिडियम दिला असेल, तर तिथं स्वस्तातला बसवू नका.

जुना प्लग काढून बघा. फिकट तपकिरी रंग म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर आधी एअर फिल्टर बघा. माणच्या धुळीत तोच लवकर चोंदतो. पांढराफटक, फोड आलेला प्लग असेल तर इंजिन जादा तापतंय, मिस्त्रीकडे न्या. तासगावकडच्या मैत्रिणींनो, ऑक्टोबर छाटणीनंतर दावण्याच्या फवारणीला एक दिवसही उशीर परवडत नाही, तेव्हा पंपाचा प्लग छाटणीआधीच तपासा.

इंजिन गार झाल्यावरच प्लग बदला. आधी हातानं फिरवा, टेकला की नव्या प्लगला पान्यानं साधारण अर्धा फेरा पुरे. आणि दुकानात जाताना जुना प्लग पिशवीत घ्या, गाडीचं पुस्तकही.