परदेशी सूत्र, इंदापूरचा रस्ता

रस्त्यावर वर्षाला किती अपघात होतील, याचा अंदाज देणारी सूत्रे अमेरिकेच्या २०१० सालच्या ‘हायवे सेफ्टी मॅन्युअल’मध्ये आहेत. वाहनसंख्या, रस्त्याची लांबी-रुंदी, वळणे यांवरून ती आकडा काढतात. मात्र ती तिथल्या वाहतुकीवर बेतलेली आहेत. इंदापूरवरून जाणाऱ्या पुणे-सोलापूर महामार्गावर भरधाव मोटारींबरोबर दुचाकी असतात आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्याही.

म्हणून सूत्राला स्थानिक गुणक लावतात. समजा, निवडक रस्त्यांवर सूत्राने ४० अपघात सांगितले आणि प्रत्यक्षात ६० झाले, तर गुणक १.५. पण असा गुणक सगळे आकडे सरसकट वाढवतो. रात्री मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीचा धोका त्यात वेगळा दिसत नाही. त्यासाठी इथल्याच नोंदींवरून नवे सूत्र बांधावे लागते.

पोलिसांच्या ‘आयरॅड’ प्रणालीत अपघाताची जागा, वेळ आणि वाहनाचा प्रकार नोंदवला जातो. आपसात मिटवलेला अपघात मात्र तिथे पोहोचतच नाही. किरकोळ अपघाताचीही नोंद व्हायलाच हवी. दिवे आणि गतिरोधक आधी कुठे हवेत, हे त्यावरूनच नेमके ठरवता येईल.